गावं बुडाली, माणसं गेली कुठे? हे शोधायला निघालेल्या इरावती कर्वे

कोयना धरण म्हटलं की काय आठवतं? शिवसागर जलाशय, महाराष्ट्राची वीज आणि १९६७ चा भूकंप. शाळेच्या पुस्तकातही एवढंच असतं. पण जलाशयाखाली जी गावं गेली, तिथली माणसं गेली कुठे, हे फारसं कुणी विचारत नाही.

साठच्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधल्या एका प्राध्यापिकेने हाच प्रश्न हातात घेतला. तेव्हा त्या साठीच्या आसपास होत्या. नाव, इरावती कर्वे.

इरावतीबाई म्हटलं की बहुतेकांना ‘युगांत’ आठवतं. महाभारतातल्या कुंती, द्रौपदी, कर्ण, गांधारी यांच्याकडे देव म्हणून न बघता माणूस म्हणून बघणारं पुस्तक. १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला आणि आजही ते दुकानात सहज मिळतं. पण ‘युगांत’ हा त्यांच्या कामाचा एक कोपरा झाला. त्यांचा खरा पेशा मानववंशशास्त्र आणि समाजशास्त्र. आणि त्यात त्या आयुष्यभर एका प्रश्नाकडे पुन्हा पुन्हा येत राहिल्या. माणसं कुठून आली, कशी आली आणि जागा बदलली की त्यांच्या नात्यांचं काय होतं?

स्थलांतराच्या अभ्यासक अशी पाटी त्यांच्या नावापुढे कधी लागली नाही. पण त्यांचं आयुष्य आणि काम एकत्र वाचलं की हा धागा स्पष्ट दिसतो.

नाव नदीचं, गाव परक्या देशातलं

१५ डिसेंबर १९०५. ब्रह्मदेशातलं, म्हणजे आजच्या म्यानमारमधलं मिंजान हे गाव. गणेश हरी करमरकर हे मराठी गृहस्थ तिथे कापसाच्या गिरणीत इंजिनियर होते. त्यांना मुलगी झाली आणि तिथून वाहणाऱ्या मोठ्या नदीवरून तिचं नाव ठेवलं, इरावती.

मराठी माणूस त्या काळात ब्रह्मदेशात कसा, असा प्रश्न पडू शकतो. तर तेव्हा ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. गिरण्या, रेल्वे, बंदरं, सरकारी कचेऱ्या अशा सगळ्या ठिकाणी हिंदुस्थानातून माणसं जात होती. तमिळ, तेलुगू, बंगाली, गुजराती आणि थोडे मराठीसुद्धा. १९३१ च्या जनगणनेत तर रंगून शहरात निम्म्याहून अधिक लोकसंख्या भारतीयांची होती.

इरावती सात वर्षांची झाल्यावर तिला शिक्षणासाठी पुण्याला पाठवण्यात आलं. हुजूरपागेच्या शाळेत आणि तिथल्याच वसतिगृहात. आईवडील समुद्रापलीकडे आणि मुलगी पुण्यात. शाळेत तिची मैत्री झाली शकुंतला परांजपेशी. शकुंतलाचे वडील म्हणजे रँग्लर र. पु. परांजपे, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. परांजप्यांनी इरावतीला आपल्या घरातलीच मुलगी करून टाकलं. घरात पुस्तकं, वादविवाद, देशविदेशातून येणारे पाहुणे. इरावती याच घरात मोठी झाली.

१९२६ मध्ये फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या. त्यानंतर मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे एमए केलं. घुर्ये मूळचे मालवणचे. भारतात समाजशास्त्र हा विषय विद्यापीठात रुजवणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव सगळ्यात वर येतं. इरावतीबाईंच्या एमएच्या प्रबंधाचा विषय होता चित्पावन ब्राह्मण. म्हणजे सुरुवातच एका अशा समाजापासून, ज्याच्या मुळाबद्दल कोकणात नाना कथा सांगितल्या जातात.

याच काळात त्यांचं लग्न दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झालं. दिनकर हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव आणि फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक. ते स्वतः जर्मनीत शिकून आले होते. आपल्या बायकोनेही तिथे जाऊन पीएचडी करावी असं त्यांना वाटत होतं.

गंमत बघा. बायकांच्या शिक्षणासाठी ज्यांनी उभं आयुष्य घालवलं त्या महर्षी कर्व्यांचाच या परदेशवारीला विरोध होता. पण नवराबायको ठाम राहिले. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळालं आणि १९२८ मध्ये इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

बर्लिनमधल्या १४९ कवट्या

बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगन फिशर. कैसर विल्हेम मानववंशशास्त्र संस्थेचे प्रमुख आणि वंशश्रेष्ठत्व मानणारे शास्त्रज्ञ. पुढे हिटलर सत्तेत आल्यावर हेच फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. याच संस्थेला नंतरच्या काळात आउश्वित्झच्या छळछावणीतून मानवी अवयवांचे नमुने येत होते. १९२८ साली हे सगळं अजून घडायचं होतं, पण त्याची वैचारिक तयारी चालू होती.

फिशर यांनी इरावतीबाईंना विषय दिला कवटीच्या विषमतेचा. म्हणजे कवटीची डावी आणि उजवी बाजू किती वेगळी असते, हे मोजायचं. त्यामागची अपेक्षा अशी होती की गोऱ्या युरोपियनांची बुद्धी जास्त तर्कशुद्ध, त्यामुळे त्यांच्या मेंदूचा एक भाग मोठा आणि म्हणून त्यांची कवटीही इतरांपेक्षा जास्त विषम निघेल.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. युरोपियन लोकांच्या आणि जर्मनीच्या वसाहतींमधून आणलेल्या माणसांच्याही. आकडे मांडले आणि निष्कर्ष लिहिला. कवटीची विषमता सगळ्याच माणसांत असते आणि तिचा वंशाशी काही संबंध दिसत नाही.

ज्या मार्गदर्शकाच्या हातात पदवी आहे, त्याच्याच सिद्धांताला परक्या देशात, कर्ज काढून आलेल्या पंचविशीतल्या विद्यार्थिनीने आकड्यांनिशी नाही म्हटलं होतं. १९३० मध्ये पीएचडी मिळाली, पण श्रेणी उत्तीर्णांमधली सगळ्यात खालची.

जात फुटून झाली की जमून?

भारतात परतल्यावर काही वर्षं त्या महिला विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या एसएनडीटीच्या कुलसचिव होत्या. कचेरीच्या कामात त्यांचं मन रमलं नाही. १९३९ मध्ये पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं आणि तिथे त्या समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून रुजू झाल्या. पुढची तीन दशकं त्यांचा पत्ता तोच राहिला.

तेव्हाच्या पुण्यात त्यांची चर्चा वेगळ्याच कारणांसाठीही व्हायची. स्कूटर चालवणाऱ्या पुण्यातल्या सुरुवातीच्या बायकांमध्ये त्या होत्या. कुंकू लावत नसत, मंगळसूत्र घालत नसत आणि नवऱ्याला सरळ दिनू म्हणून हाक मारत.

पण त्यांचा बराचसा वेळ पुण्याबाहेर जायचा. मिळेल त्या वाहनाने गावोगाव फिरायचं, पडेल तिथे मुक्काम करायचा, माणसांची उंची, डोकं, नाक मोजायचं, रक्ताचे नमुने घ्यायचे आणि तासन्‌तास गप्पा मारायच्या. सह्याद्रीतले धनगर, खानदेशातले भिल्ल, कुर्गचे कोडव असे कितीतरी समाज त्यांनी अभ्यासले. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांच्यासोबत गुजरातमधल्या लांघणज इथे उत्खनन झालं, तिथे सापडलेल्या अश्मयुगीन सांगाड्यांवरही त्यांनी काम केलं.

या सगळ्यातून एक मोठा वाद उभा राहिला आणि तोही थेट आपल्या गुरूंशी.

घुर्ये यांचं म्हणणं ढोबळमानाने असं होतं की जात हा एक मोठा गट आणि काळाच्या ओघात तो फुटत गेला, म्हणून पोटजाती तयार झाल्या. इरावतीबाईंना फिल्डवर वेगळंच दिसत होतं.

त्यांनी दिलेलं कुंभारांचं उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात कुंभार म्हणून एकच जात आहे असं बाहेरून वाटतं. पण त्यात थोरचाके आहेत, लहानचाके आहेत. एकाचं चाक मोठं, दुसऱ्याचं लहान. मडकं घडवण्याची रीत वेगळी, वस्तीचा भाग वेगळा आणि एकमेकांत सोयरीक नाही. इरावतीबाईंचा सवाल असा की हे सगळे एकाच घरातून फुटले असतील तर कामाची पद्धत मुळापासून वेगळी कशी? त्यापेक्षा हे गट आधीपासूनच वेगळे होते, वेगवेगळ्या वाटांनी इथे आले, मडकी करणारे म्हणून त्यांना एकच नाव पडलं, असं मानणं जास्त पटतं.

महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांच्या गटांबद्दलही त्यांनी हेच मांडलं. कैलाश मल्होत्रा यांच्यासोबत १९६८ मध्ये त्यांनी अशा आठ गटांच्या शारीरिक मोजमापांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. नाव एक, दर्जा एक, तरी गट वेगवेगळे.

थोडक्यात, आपण ज्याला एक समाज म्हणतो तो वेगवेगळ्या वेळी आलेल्या माणसांची मोट असू शकते. मूळचे आम्ही आणि बाहेरचे ते, हा वाद जिथे रोज रंगतो तिथे हा मुद्दा आजही बोचतो.

इथे त्यांच्यावर झालेली टीकाही सांगायला हवी. डोकी आणि नाकं मोजण्याची पद्धत वंशवादी शास्त्रातूनच आली होती. फिशर यांचा निष्कर्ष इरावतीबाईंनी नाकारला, पण त्यांची मोजपट्टी मात्र पुढे अनेक वर्षं वापरली. जग त्या पद्धतीपासून दूर जात असतानाही त्या मोजत राहिल्या. हा आक्षेप अभ्यासकांनी घेतला आहे आणि तो रास्त आहे.

देशातलं सगळ्यात मोठं स्थलांतर कोणतं?

१९५३ मध्ये त्यांचं गाजलेलं इंग्रजी पुस्तक आलं, भारतातल्या नातेव्यवस्थेवरचं. देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार भाग पाडून, कुठे कुणाशी लग्न चालतं आणि नात्यांना काय शब्द आहेत, हे त्यांनी मांडलं.

वरवर बघता हा विषय कोरडा वाटेल. पण नीट बघा. भारतात माणसं आपलं गाव सोडून दुसरीकडे का राहायला जातात, याची जनगणनेत नोंद होते. त्यात सगळ्यात मोठं कारण नोकरी नसून लग्न आहे. आणि लग्नासाठी घर सोडणाऱ्या जवळपास सगळ्या बायकाच. ही गोष्ट इतकी सवयीची आहे की तिला स्थलांतर म्हणायचं आपल्याला सुचतही नाही.

इरावतीबाईंच्या नकाशात हा फरक लख्ख दिसतो. उत्तर भारतात बऱ्याच समाजांत गावातल्या गावात लग्न चालत नाही. मुलगी लांबच्या, अनोळखी घरात जाते. तिथे कुणी तिच्या रक्ताचं नसतं. म्हणून गावची लेक आणि गावची सून यांच्या वागण्याचे नियमही वेगळे. लेक मोकळी, सून पदराआड.

दक्षिणेत बऱ्याच समाजांत मामाशी किंवा मामेभावाशी, आतेभावाशी लग्न होतं. म्हणजे नवरी ज्या घरात जाते तिथली सासू आधीच तिची आजी, आत्या नाहीतर मामी असते. घर बदललं तरी माणसं ओळखीची.

आणि महाराष्ट्र? तो मध्ये. इथल्या अनेक जातींत मामाची मुलगी करून घेतात, आत्याची मात्र शक्यतो नाही. उत्तरेची रीतही इथे दिसते आणि दक्षिणेचीही.

म्हणजे माणूस किती किलोमीटर गेला याला जितकं महत्त्व, तितकंच तो कुणामध्ये गेला यालाही. हे मनात ठेवा, कारण कोयनेत याचाच संबंध येतो.

दरम्यान १९५१-५२ मध्ये त्या लंडनला आणि त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात पाहुण्या अभ्यासक म्हणून गेल्या. मराठीतही लिहीत होत्याच. ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’, ‘मराठी लोकांची संस्कृती’ ही पुस्तकं याच वर्षांतली. त्यांचा ‘वाटचाल’ हा लेख पंढरीच्या वारीवरचा. त्या स्वतः दिंडीबरोबर चालल्या. एकाच विठ्ठलाकडे निघालेले वारकरी जेवणाच्या वेळी जातीप्रमाणे वेगळे बसतात, हे बघून त्या अस्वस्थ झाल्या. पण वेगवेगळ्या भागांतली, वेगवेगळ्या बोलीची ही माणसं एकाच वाटेने चालतात, यातच त्यांना महाराष्ट्र सापडला. दिनकर कर्वे यांनी केलेला या लेखाचा इंग्रजी अनुवाद १९६२ मध्ये आला आणि जगभरचे अभ्यासक तो आजही वाचतात.

कोयना आणि उठवलेली गावं

आता पुन्हा कोयनेकडे. पन्नासच्या दशकात धरणाचं काम सुरू झालं आणि साठच्या दशकात शिवसागर भरला. सातारा जिल्ह्यातल्या कोयनेच्या खोऱ्यातली कित्येक गावं पाण्याखाली गेली. पाणी डोंगरातल्या बोगद्यातून कोकणच्या बाजूला पोफळीकडे सोडलं आणि वीज तयार झाली. मुंबई-पुण्याचे कारखाने त्या विजेवर चालले.

गावकऱ्यांसाठी कायदा कोणता होता? १८९४ चा इंग्रजांचा भूसंपादन कायदा. त्यात जमिनीचे पैसे द्यायची तरतूद होती, पण माणसाला पुन्हा वसवायची जबाबदारी सरकारवर नव्हती. शिवाय पैसे मिळणार ते जमिनीच्या मालकाला. दुसऱ्याच्या शेतात राबणारा, बलुतेदार, रानावर जगणारा, यांचं नुकसान त्या हिशेबात बसतच नव्हतं.

मग माणसं पांगली. काही घाटमाथ्यावर साताऱ्यातच, काही सांगलीकडे. काही कुटुंबं सह्याद्री उतरून तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात आणि ठाण्यात आली. आणि काहींनी खोरं सोडलंच नाही. पाणी जसं वर चढलं तशी ती डोंगरावर सरकली.

इरावतीबाईंनी या विस्थापितांचं सर्वेक्षण हाती घेतलं. सोबत होत्या त्यांच्या कन्या, लेखिका जाई निंबकर. त्या दोघींचा अहवाल १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. धरणामुळे उठलेल्या माणसांचा इतका बारकाईने अभ्यास त्या काळात भारतात क्वचितच झाला होता.

त्यातून पुढे आलेली मुख्य गोष्ट साधी होती आणि म्हणूनच झोंबणारी. धरणाचा आराखडा होता, माणसांचा नव्हता. बांधकामाचं जितकं नियोजन झालं, तितकं पुनर्वसनाचं झालं नाही.

याचा अर्थ काय, तो नातेव्यवस्थेवरच्या कामातून कळतो. घाटावरचा शेतकरी कोकणात गेला तर फक्त शेत बदलत नाही. पाऊस बदलतो, पीक बदलतं, बोली बदलते. पेरणीला कुणाचा बैल मागायचा, बाळंतपणाला कुणाला हाक मारायची, मुलीला स्थळ कुठे बघायचं, हे सगळं जिथे ठरलेलं होतं ते भावकीचं आणि सोयऱ्यांचं जाळं तुटतं. नवीन गावात तुम्ही धरणवाले. जमिनीच्या भरपाईत या तुटीची किंमत कुठेच धरलेली नसते.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. शंभराहून अधिक माणसं गेली. सगळ्या देशाचं लक्ष कोयनेकडे वळलं, पण चर्चा झाली ती मुख्यतः धरणाच्या भिंतीची.

कायदा आला, पण नंतर

अहवाल आल्यानंतर साधारण वर्षभरात, ११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाई गेल्या. वय होतं ६४. त्यांचा ‘गंगाजल’ हा लेखसंग्रह १९७२ मध्ये, त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला. मुली जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या दोघी लेखिका झाल्या, तर मुलगा आनंद कर्वे शास्त्रज्ञ.

प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला तो १९७६ मध्ये. देशात असा कायदा करण्यात महाराष्ट्र पुढे होता. नंतर तो १९८६ मध्ये आणि पुन्हा १९९९ मध्ये नव्याने केला गेला. आणि ज्या १८९४ च्या कायद्याखाली जमिनी घेतल्या जात होत्या, तो केंद्राने बदलला थेट २०१३ मध्ये. नव्या कायद्याच्या नावातच पुनर्वसन हा शब्द आला.

कोयनेच्या लोकांना मात्र हे सगळं उशिरा लाभलं. जे डोंगरावर सरकून राहिले त्यांच्या भोवती १९८५ मध्ये अभयारण्य आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. म्हणजे एकदा पाण्यासाठी उठलेल्या माणसांवर जंगलासाठी पुन्हा उठायची वेळ आली. जमिनीसाठी कोयना प्रकल्पग्रस्तांची आंदोलनं धरण पूर्ण होऊन अर्धं शतक उलटल्यावरही चालू राहिली.

आणि हा प्रश्न फक्त धरणांपुरता नाही. रायगडमधल्या पेण-रोह्याच्या वाड्यांतून आजही दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं पोराबाळांसकट वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. मराठवाड्यातून ऊसतोडीला टोळ्या निघतात. घर बंद, रेशन गावात, पोरांची शाळा मध्येच सुटलेली. ही माणसं सरकारी यादीत एका ठिकाणी असतात आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच.

अशा माणसांबद्दल बोलायचं तर आधी त्यांच्यापर्यंत जावं लागतं. ती कुठे आहेत, कुणाबरोबर आहेत आणि मागे कोण राहिलं, हे दारोदार जाऊन विचारावं लागतं. कोयनेच्या बाबतीत हे काम इरावती कर्व्यांनी केलं, तेही धरण बांधून झाल्यावर. ते धरण बांधायच्या आधी व्हायला हवं होतं, हेच त्या अहवालातून समजतं.